शिंगं वाजवायची आणि थांबायचं

आर्लीन राउतिओ लेक सुपीरियरच्या काठच्या आमच्या गावच्या शाळेची बस चालवायची. मी त्या बसमधून शाळेत गेले आणि पुढे माझी मुलगी टेसाही सुरुवातीला तिच्याच बसमधून गेली. नोव्हेंबरात सकाळी उजाडायच्या आधीच बस निघे. मध्येच कुठेतरी, जिथे ना घर ना थांबा, तिथे आर्लीन बस थांबवायची, दार उघडायची आणि सीटवरूनच वाकून रस्त्याकडेच्या बर्फातल्या हरणांच्या खुणांकडे बघायची. थंडी आत यायची, पोरं ओरडायची.

"मादी आणि दोन पिल्लं," ती आरशातून आम्हाला सांगायची. "आत्ताच गेलीत. आणि त्यांच्या मागे एकजण पाय ओढत गेलाय. का ओढत असेल?"

"दमला असेल, मिस आर्लीन."

"प्रेमात पडलाय," असं म्हणून ती दार लावून घ्यायची.

बसच्या त्या उंच सीटवरून तिने आयुष्यभर गावाबाहेरचं जंगल वाचलं. जंगलात पाय टाकायला मिळायचा तो फक्त सुट्टीच्या दिवशी. तेव्हाही ती एकटी जायची, कारण आमच्याकडे शिकारीचा कॅम्प म्हणजे पुरुषांची जागा. टेकाडावरचा राउतिओंचा कॅम्प, म्हणजे लाकडाची एक खोली, वाफेने अंग शेकायची एक सौना आणि बाहेर हरणं टांगायला आडवा खांब, तिच्या सासऱ्याने बांधला. तो नवरा रेनो आणि दीर डेल यांच्याकडे आला. आर्लीन तिथे पॅस्टी पोचवायला जायची. मांस-बटाट्याच्या गरम करंज्या त्यांच्या हातात द्यायच्या आणि परत यायचं. कॅम्पच्या भिंतीवर शर्टांच्या शेपट्यांचे तुकडे खिळ्याने ठोकलेले आहेत. ज्याचा नेम चुकला, त्याच्या शर्टाची मागची शेपटी कापायची आणि नाव घालून भिंतीवर ठोकायची, हा तिथला कायदा. त्याला नाही म्हणता येत नाही. पाद्र्याच्या शर्टाचा तुकडासुद्धा तिथे आहे. आर्लीनचा एकही नाही. डेल म्हणायचा, "तिचा नेम चुकत नाही असं नाही, ती आमच्यात नाही म्हणून."

मग रेनोला झटका आला. लाकडाचे ओंडके वाहणारा धिप्पाड माणूस, त्याची उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. सगळे शब्द गेले, आजोबांकडून आलेली एक फिनिश शिवी तेवढी शाबूत राहिली. पाणी हवं असलं, टीव्ही बंद करायचा असला, बायकोचे आभार मानायचे असले तरी तीच शिवी. आर्लीनने बस सोडली आणि ती घरात बसली.

तिने रेनोच्या पलंगापासून एक दोरी ओढून खिडकीच्या चौकटीतल्या भोकातून बाहेर काढली आणि मागच्या ओट्यावर सासूच्या गोठ्यातली गाईची घंटा तिला बांधली. लाकडाच्या खोपीत असली तरी ऐकू यावी म्हणून बाहेर. रेनो डाव्या हाताने दोरी ओढायचा. दिवसातून किती वेळा, हे मोजण्यात अर्थ नव्हता. मी त्यांच्याकडे कॉफीला गेले की आम्हा दोघींचं एकही वाक्य पूर्ण व्हायचं नाही. घंटा वाजली की आर्लीन कप खाली ठेवायची. चेहऱ्यावर काही नसायचं. फक्त कप ठेवताना ती बशीकडे न बघता बरोबर बशीतच ठेवायची, इतकी सवय झालेली.

आठवड्यातून दोन दुपारी काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कचेरीकडून एक मदतनीस बाई यायची. त्या दोन दुपारी आर्लीनच्या.

मी तिच्याकडे शिकायला गेले ते टेसामुळे. टेसाला तेरावं लागलं आणि तिने जाहीर केलं की यंदा ती हरणाच्या शिकारीला जाणार. तिच्या वयाच्या मुलीबरोबर मोठं माणूस लागतंच. तिचा बाप खनिजाच्या बोटीवर, लेक सुपीरियर गोठेपर्यंत तो घरी येत नाही. डेलने "कॅम्पवर पाठव पोरीला" म्हटलं, पण कॅम्पवर संध्याकाळी काय चालतं ते मला माहीत आहे. राहिले मी. मी इंग्रजी साहित्यात पदवी घेतली, बंदुकीचा आवाज झाला की मी कान झाकते, आणि टेसा अंगणात जरी उशिरापर्यंत दिसली नाही तरी मी खिडकी उघडते. पण तिला एकटी सोडण्यापेक्षा बरोबर जाणं सोपं वाटलं.

"दोघी या," आर्लीन म्हणाली. "मंगळवारी आणि शुक्रवारी. आणि ते शाम्पू लावून येऊ नका. सफरचंदाच्या बागेसारखा वास येतोय तुम्हाला."

तिच्या घरामागे शेत, शेतापलीकडे पॉपलर झाडांचा पट्टा, त्यामागे देवदाराची दलदल. तिथून पुढे ओढा आणि ओढ्याच्या पलीकडे आमची जमीन. ऑक्टोबरभर आम्ही तो पट्टा तिच्या मागून फिरलो.

"हे काय?" ती एका कोवळ्या झाडाजवळ थांबली. गुडघ्याएवढ्या उंचीवर साल सोललेली होती.

"नराने शिंगं घासली," टेसा म्हणाली.

"कुठून आला?"

टेसाने माझ्याकडे बघितलं, मी झाडाकडे.

"साल ज्या बाजूची गेलीय त्या बाजूने आला. वळसा घालून पलीकडून घासत बसत नाही तो. पुरुष आहे. समोर येईल त्याच्याशी भांडतो आणि पुढे जातो."

पुढे एका खाली वाकलेल्या फांदीखाली ताटाएवढी जमीन खुराने खरवडलेली होती. पानं बाजूला, खाली काळी ओली माती. आर्लीन तिथून लांबच उभी राहिली आणि आम्हालाही हाताने मागे सारलं. "ही त्यांची चावडी. येणारा फांदीला तोंड लावतो, खाली मुततो. पुढचा येऊन हुंगतो, कोण आलं होतं, कोण माजावर आहे. मातीवर पान पडलेलं असलं तर जागा शिळी. माती उघडी असली तर तो परत येणार."

मग तिने खिशातून एक छोटी बाटली काढली. माजावरच्या हरणीचं मूत.

"ई!" टेसा किंचाळली.

"ई काय? तुझ्या आईच्या सेंटपेक्षा महाग आहे." तिने एका चिंधीवर दोन थेंब टाकले आणि ती चिंधी सुतळीने बुटाच्या टाचेला बांधली. चालताना चिंधी मागे घसटत यायची. "आपण आलो त्या वाटेवर आपला नाही, हिचा वास राहिला पाहिजे."

शिकारीचे कपडे ती घरात ठेवत नसे. लाकडाच्या खोपीत एक पेटी होती, तीत देवदाराच्या डहाळ्यांत दाबून ठेवायची. तिथेच थंडीत कुडकुडत बदलायची. एकदा तिने बाही नाकाला लावली आणि माझ्यापुढे धरली. "बघ."

मला देवदाराचा वास आला.

"त्याच्या खाली."

त्याच्या खाली रेनोच्या मलमाचा वास होता. कापूर, ओलं अंथरूण, उकळलेली कॉफी.

"बंदुकीला हरीण नंतर भितं," ती म्हणाली. "आधी घराला भितं. कितीही धुतलं तरी मी हे घर घेऊनच झाडावर चढते."

शिंगं वाजवायला शिकवलं ते सगळ्यात शेवटी. रेनोने तरुणपणी मारलेल्या नराची शिंगांची जोडी, टोकं घासून बोथट केलेली. दोन नर भांडताहेत असा आवाज काढायचा, तिसरा भांडण बघायला येतो.

"आपटू नको, अडकव. मनगटातून पिळ. हां. मिनिटभर. आता थांब."

टेसा थांबली. थोड्या वेळाने तिने पुन्हा शिंगं उचलली.

"खाली ठेव. निदान अर्धा तास हलायचं नाही. नवशिक्या इथेच मार खातो. त्याला वाटतं, कोणी आलं नाही म्हणजे ऐकू गेलं नाही. ऐकू गेलेलं असतं. तो निघालेला असतो. तू पुन्हा वाजवलंस की त्याला कळतं, ही हरणं नव्हेत, कोणी माणूस घायकुतीला आलाय. वाजवायचं आणि थांबायचं. थांबणं जास्त अवघड आहे."

झाडावर चढून बसायचं तिचं साधन, म्हणजे स्टँड, जुनं होतं. त्याचे दोन सुटे भाग. वर बसायची चौकट, खाली पाय ठेवायची फळी, आणि दोन्ही खोडाला मिठी मारून असतात. वरची सरकवायची, मग पायांनी खालची ओढून घ्यायची, असं सुरवंटासारखं वर जायचं. पहिल्या दिवशी तिने आम्हाला त्या दोन भागांना जोडणारी हिरवी नायलॉनची दोरी दाखवली. "चढायच्या आधी ही. फळी पायातून सुटली तर दोरीवर लोंबकळेल, परत ओढून घेता येईल. ही नसली तर फळी थेट खाली जाते, आणि आपण वर. बाकी सगळं विसरा, ही विसरू नका."

डेल अधूनमधून भावाला बघायला यायचा. तो वाईट माणूस नाही. पण तो यायचा, पलंगाजवळ उभा राहायचा आणि आर्लीनला तपासायचा.

"आज दाढी नाही केली याची?"

"तुझी तरी कुठे केलीयस?"

"मी चालू शकतो, आर्लीन. हे बघ, जमत नसलं तर काउंटीचं नर्सिंग होम आहे. स्वच्छ आहे, तिथे रात्रंदिवस माणसं असतात. त्याला एकटा टाकून तू कधी गेलीस असं मला कळलं, तर मी दुसऱ्या दिवशी त्याला तिथे नेईन. तू काही म्हण."

रेनो तीच शिवी द्यायचा. ती कोणाला, हे दोघंही आपापल्या सोयीने धरून चालायचे. आर्लीनने रेनोला होममध्ये न पाठवण्याचा शब्द दिला होता. तो शब्द तिने दवाखान्यात दिला, तेव्हा त्याला ऐकू तरी गेला का, हे तिला माहीत नाही. पण दिला होता.

सीझन उघडून आठवडा झाला होता. शुक्रवारी सकाळपासून बर्फ पडत होतं आणि मदतनीस बाईचा फोन आला, गाडी निघत नाही. आर्लीन तोवर कपडे बदलून आली होती. पॉपलरच्या पट्ट्यात तिने मंगळवारी एक नवी खरवडलेली जागा बघितली होती, काळी, उघडी. तिने जेवण भरवलं, चुलीत दोन ओंडके घातले. तिच्या सांगण्याप्रमाणे, रेनोने तिच्या शिकारीच्या नारिंगी जाकिटाकडे बघितलं आणि डावा हात हलवला. जा. तिने आपला फोन त्याच्या उशाशी ठेवला, माझा नंबर एका बटणावर लावून, आणि ती निघाली. तासाभरात परत यायचं म्हणून कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर डेलच्या कानावर गेलं असतं.

त्या दुपारी मी आणि टेसा ओढ्याच्या अलीकडे आमच्या आडोशाला बसलो होतो. बर्फ थांबलं होतं, वारा लेकवरून येत होता. माझे पाय बधिर झाले होते, आणि टेसाच्या बंदुकीची सुरक्षेची कळ लावलेली आहे ना, हे मी पुन्हा पुन्हा वाकून बघत होते.

पलीकडून शिंगांचा आवाज आला.

टेसाने माझी बाही धरली. "आई! दोन आहेत!"

आवाज थांबला. पुन्हा आला. थांबला न थांबला तोच पुन्हा. टेसाचा चेहरा आधी फुलला, मग उतरला. "हरणं नाहीत. कोणीतरी वाजवतंय. आणि किती वाईट वाजवतंय! थांबतच नाहीये."

"आर्लीनच्या बाजूला आहे ना ते?"

"आज मदतनीस आली नाही, मी बसमधून तिची गाडी शेडमध्ये बघितली. मिस आर्लीन घरी असणार. आणि त्या असं वाजवणार नाहीत."

"म्हणूनच," मी म्हटलं.

"म्हणूनच काय?"

मी बधिर पायांवर उठले. "आपण जाऊन बघू."

"आई, दुसऱ्याच्या झाडाखाली जायचं नसतं! तू आता हरणांचीही काळजी करायला लागलीस?"

तिचं बरोबर होतं. आमच्याकडे कोणी शिंगं वाजवत असेल तर तिथून लांब जायचं, त्याची शिकार मोडायची नाही. आणि आवाजाच्या दिशेने जंगलात चालणं मूर्खपणाच. त्याच आवाजाला भुलून बंदूक घेऊन कोणीही येत असेल. मी टेसाची बंदूक रिकामी केली, दोघींच्या नारिंगी टोप्या कानापर्यंत ओढल्या, आणि मोठमोठ्याने बोलत ओढा ओलांडला. टेसा लाजेने मरत होती. "सगळं जंगल ऐकतंय, आई."

"ऐकू दे."

दलदलीच्या कडेला डेल भेटला. टेकाडावरून कॅम्पकडे परत निघाला होता.

"काय गं पोरी, मिरवणूक कसली? अर्ध्या मैलातली हरणं पळवलीस."

"ते वाजवणं ऐकलंत का?"

"ऐकलं की. मघाशी ऐकलं आणि आत्ताही. कोणी पुलापलीकडचा शहरी पाहुणा असेल, दुकानातून नवी शिंगं घेऊन आलेला. हौस भागली की जाईल. मी दोनदा वळून लांबून आलो, म्हटलं कोणाचा मुलूख मोडायला नको."

"पण इथे आर्लीन..."

"आर्लीन घरात आहे. आज बाई नाही आलेली."

टेसा खाली बघत होती. "आई," ती हळूच म्हणाली.

बर्फात बुटांच्या खुणा होत्या. लहान पाय. डाव्या टाचेमागे बर्फावर एक बारीक ओढल्याची रेघ, मध्येच उचललेली, पुन्हा टेकलेली. चिंधी. खुणा पॉपलरच्या पट्ट्यात गेल्या होत्या. परत आलेल्या नव्हत्या, आणि त्यांच्यात वरून पडलेलं बर्फ भरलं होतं. म्हणजे बर्फ थांबायच्या आधीपासून ती आत होती.

डेलनेही बघितलं. त्याला चिंधीचं काही सांगावं लागलं नाही. त्याचा चेहरा लाल होता तो पांढरा पडला.

"मग रेनोजवळ कोण आहे?"

तो उत्तराला थांबला नाही. त्या वयाच्या माणसाला बर्फात तसं धावताना मी बघितलेलं नाही.

आम्ही खुणांवरून गेलो. आर्लीन एका सरळ पॉपलरवर, घराच्या छपराएवढ्या उंचीवर, वरच्या चौकटीत बसली होती. पाय लोंबकळत होते. कमरेचा पट्टा खोडाला बांधलेला. फळी खाली बुंध्याशी. बंदूक वर ओढायची दोरी फळीखाली दाबली गेलेली, म्हणून बंदूकही खालीच. नाहीतर तिने मदतीच्या खुणेचे तीन बार काढले असते आणि सगळं गाव आलं असतं. आम्ही दिसलो तरी तिचे हात शिंगं पिळतच होते.

"रेनोकडे जा!" तिचा आवाज बसला होता. "मला राहू दे, आधी रेनोकडे जा!"

"डेल गेलाय!"

शिंगं थांबली.

"डेल?" ती म्हणाली. तिने शिंगं मांडीवर ठेवली.

मी फळीखालून दोरी सोडवली, बंदूक बाजूला ठेवली, दोरी फळीला बांधली. आर्लीनने वरून ओढली, मी आणि टेसाने खालून रेटली. फळी खोडावरून खरडत वर गेली. तिचे पाय इतके बधिर होते की फळीवरच्या पट्ट्यात घालायला तिला हाताने उचलावे लागले. मग ती सुरवंटासारखी खाली आली, एकेक वीत. मध्ये थांबली की मला वाटायचं आता सुटली. टेसा माझा हात धरून उभी होती, आणि कधी नव्हे ते तिने तो सोडवून घेतला नाही.

जमिनीवर टेकताच आर्लीन घराकडे निघाली, लंगडत, बंदूक-शिंगं सगळं तिथेच टाकून.

"घंटा वाजत होती," ती चालता चालता म्हणाली. "सगळा वेळ. मग बंद झाली."

स्वयंपाकघरात डेलने रेनोला चुलीजवळच्या खुर्चीत बसवून ब्लँकेटात गुंडाळलं होतं. रेनो पलंगाखाली पडलेला सापडला. कपाळाला खोक, हात गार, चूल विझत आलेली. घंटेची दोरी उपटून आली होती आणि त्याच्या डाव्या मुठीला अजून वेढे होते. हिरवी नायलॉनची दोरी. टेसाने ती बघितली, मग माझ्याकडे बघितलं.

"जुनी तुटली," आर्लीन कोणी न विचारता म्हणाली. "घरात हीच मजबूत होती. नवी आणायची राहिली." ती रेनोपुढे गुडघ्यांवर बसून त्याची बोटं चोळत होती.

"एकटा टाकलास," डेल म्हणाला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. "मी सांगितलं होतं ना? सांगितलं होतं की नाही? उद्या सकाळी मी गाडी घेऊन येतो."

"त्यानेच हात केला, जा म्हणून."

"तो हात हलवतो तो जा म्हणून की ये म्हणून, तुला काय कळतं?"

आर्लीन बोटं चोळत राहिली. मला वाटलं, आता ती हो म्हणेल. घेऊन जा म्हणेल. तिच्या खांद्यांवरून तसं वाटलं.

"फोनचं बटण दाबता आलं नाही त्याला," डेल बोलत होता. "उशीखाली गेला होता फोन. मी आलो नसतो तर? आणि मी तरी काय! दोनदा ऐकलं मी ते वाजवणं. दोनदा! कोणी नवशिक्या म्हणून मागे फिरलो."

रेनोने मान वळवली. तो डेलकडे बघायला लागला. मग त्याने आपली ती एक शिवी दिली, सावकाश, अक्षर न अक्षर. डावा हात आर्लीनच्या हातांतून सोडवून घेतला आणि डेलच्या पोटाकडे बोट केलं.

"काय? भूक लागली?"

शिवी. रेनोने दोन बोटं उघडमीट केली. पुन्हा डेलकडे बोट.

"मिस्टर डेल," टेसा म्हणाली, "तुमचा शर्ट."

"शर्टाला काय झालं?"

"ते कात्री दाखवताहेत. शेपटी कापा म्हणताहेत. तुमचा नेम चुकला."

चुलीत लाकूड तडतडलं. डेलने भावाकडे बघितलं, आणि रेनो हसत होता. अर्ध्या तोंडाने, लाळ गळत, पण हसत होता. कितीतरी वर्षांत मी ते बघितलं नव्हतं.

"हरीण नव्हतं ते," डेल म्हणाला. "हरणाला चुकलं तर कापतात."

शिवी.

कॅम्पच्या कायद्याला नाही म्हणता येत नाही. डेलने जाकीट काढलं, शर्ट विजारीतून बाहेर ओढला आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. आर्लीन उठली, ड्रॉवरमधून कात्री आणली. तिची बोटं अजून वाकत नव्हती, म्हणून कापताना तुकडा वेडावाकडा आला. तिने तो रेनोच्या मांडीवर ठेवला. रेनोने तो उचलला आणि टेकाडावरच्या कॅम्पची नव्हे, स्वयंपाकघराची भिंत दाखवली. तो तुकडा अजून तिथे आहे, कॅलेंडरशेजारी.

दुसऱ्या दिवशी डेल गाडी घेऊन आला नाही. त्याने माफीही मागितली नाही. दुपारी येऊन त्याने खोपीतली लाकडं फोडून दिली आणि पॅस्टीवर केचप घालायचा की नाही यावरून भांडून निघून गेला. होमचं नाव त्या हिवाळ्यात तरी निघालं नाही. बाकी फारसं काही बदललं नाही. हिरवी दोरी पुन्हा घंटेलाच बांधली गेली. स्टँडसाठी नवी मी आणली, कारण आर्लीन काही आणेना.

नंतर एकदा खोपीत कपडे बदलताना ती मला म्हणाली, "झाडावरून घंटा ऐकू येत होती तेव्हा मी वाजवत होते. वाटायचं, त्याला कळेल मी इथे आहे. मग घंटा थांबली. आणि सगळ्यात आधी मला काय वाटलं माहीत आहे? किती शांत आहे. भीती त्याच्यानंतर आली." तिने बटणं लावली. "एवढंच. पण आधी ते वाटलं."

हे लिहू का, असं मी तिला विचारलं. म्हणाली, "लिही. डेल काही वाचत नाही."

आता मदतनीस बाई येत नाही त्या दिवशी मी रेनोजवळ बसते. टेसा आर्लीनबरोबर जाते. हा सौदा टेसानेच ठरवला, मला न विचारता. चढायच्या आधी दोघींनी दोरी बांधल्याचा फोटो मला पाठवायचा, ही माझी अट. दलदलीत फोन लागत नाही म्हणून शेताच्या कडेलाच स्टँडचे दोन भाग जोडून तिथूनच फोटो पाठवतात, आणि माझ्यावर हसतात.

रेनो आणि मी खिडकी थोडी उघडी ठेवतो. खोली गार होते, त्याचं त्याला काही नाही. पॉपलरच्या पट्ट्यातून शिंगांचा आवाज येतो. मनगटातून पिळलेला, मिनिटभर. तो आर्लीनचा की टेसाचा, मला ओळखता येत नाही. रेनोला येतो, असं त्याच्या भुवयांवरून वाटतं. मग आवाज थांबतो. थांबायलाच हवा. पुढचा येईपर्यंत मी कप बशीत ठेवते, उचलते, ठेवते. रेनो हिरवी दोरी डाव्या मुठीत धरून ऐकत असतो. ओढत नाही.